झाकली मूठ आणि परकीय गंगाजळी : एखाद्या देशाचे चलन का कोसळते?

२ जुलै १९९७ रोजी थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने ‘बाथ’ या आपल्या चलनाचा जवळजवळ स्थिर असलेला दर सोडून दिला. त्यापूर्वी अनेक वर्षे एका डॉलरला सुमारे २५ बाथ मोजावे लागत. जानेवारी १९९८ मध्ये हाच दर ५५ च्या पुढे गेला होता. दरम्यानच्या काळात इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया या देशांची चलनेही एकामागून एक घसरली. जागतिक बँकेने ज्या अर्थव्यवस्थांचा ‘पूर्व आशियाई चमत्कार’ म्हणून १९९३ मध्ये गौरव केला होता, त्यांपैकी तीन देशांना चार वर्षांतच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले.

या घटनेची आठवण आजही वारंवार काढली जाते. त्यानंतर अर्जेंटिना, लेबनॉन आणि श्रीलंका या देशांनीही असेच संकट अनुभवले. प्रत्येक वेळी प्रसंग वेगळा, राजकारण वेगळे, परंतु एक बाब समान आढळते. देशाच्या तिजोरीत परकीय चलन किती आहे, हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. त्या रकमेवर आधीच कोणाचा किती हक्क बसला आहे, हे मात्र संकट दारात येईपर्यंत फारच थोड्यांना ठाऊक असते.

घसरण आणि कोसळणे यांतील फरक

चलनाचे मूल्य कमी होणे ही नेहमीची घटना आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये एका डॉलरचा दर ६८ रुपयांच्या पुढे गेला, जुलै २०२२ मध्ये त्याने ८० ची मर्यादा ओलांडली. दोन्ही वेळी चिंता व्यक्त झाली, आयात महागली; तथापि बँकांचे व्यवहार सुरळीत राहिले, तेल आणि औषधे येत राहिली, देशाने आपली देणी वेळेवर दिली. ही घसरण होती.

चलन कोसळते तेव्हा दराबरोबर व्यवहारच थांबतात. चलन स्वीकारण्यास परदेशी विक्रेता तयार नसतो आणि त्याला हवे असलेले डॉलर देशाकडे उरलेले नसतात. बंदरात उभ्या असलेल्या जहाजातील माल पैसे चुकते न झाल्यामुळे उतरवता येत नाही. पेट्रोलपंपासमोर रांगा लागतात, रुग्णालये शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, ज्यांची बचत देशी चलनात आहे त्यांचे आयुष्यभराचे संचित काही आठवड्यांत निम्म्यावर येते. पगार तोच राहतो. त्यातून येणारे धान्य मात्र कमी होते.

असे संकट दोन मार्गांनी येऊ शकते. पहिला मार्ग सरकारी छापखान्याचा. खर्च भागवण्यासाठी सरकार बेसुमार नोटा छापते आणि महागाई हाताबाहेर जाते. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरची किंमत ४.२ लाख कोटी मार्क झाली होती. जानेवारी २००९ मध्ये झिंबाब्वेने १०० लाख कोटी डॉलरची नोट काढली आणि त्याच वर्षी आपले चलन वापरणे सोडून दिले. हा मार्ग सर्वांना दिसतो, म्हणून त्याचा बोलबाला अधिक.

दुसरा मार्ग अधिक शांत आहे. त्यात सरकारचा अर्थसंकल्प समतोल असू शकतो, महागाई आटोक्यात असू शकते, विकासदरही उत्तम असू शकतो. थायलंडमध्ये संकटापूर्वीची अनेक वर्षे सरकारी अंदाजपत्रकात शिल्लक होती. संकट आले ते खाजगी कंपन्या आणि वित्तसंस्थांनी दुसऱ्याच्या चलनात घेतलेल्या कर्जातून. आजच्या जागतिक वित्तव्यवस्थेत अधिक धोक्याचा मार्ग हाच आहे, कारण तो सुबत्तेच्या काळात तयार होतो.

स्थिर दराचे आमंत्रण

१९८४ पासून बाथचे मूल्य काही प्रमुख चलनांच्या समूहाशी बांधलेले होते आणि त्या समूहात डॉलरचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे व्यवहारात बाथ आणि डॉलर यांचा दर फारसा हलत नसे. १९९३ मध्ये सरकारने बँकॉकमध्ये आंतरराष्ट्रीय बँकिंगची विशेष सुविधा सुरू केली. तिच्यामार्फत देशातील बँकांना परदेशातून कर्ज आणून देशात वाटणे सुकर झाले.

थायलंडमधील व्याजदर अमेरिका व जपानमधील दरांपेक्षा बरेच जास्त होते. अशा वेळी डॉलरमध्ये स्वस्त कर्ज घ्यावे, त्याचे बाथ करावेत आणि ते देशात गुंतवावेत, हा व्यवहार सर्वांनाच लाभदायक वाटू लागला. दर बदलणार नाही, असे सरकारच सांगत असल्याने कर्जदारांनी विनिमय दराच्या जोखमीविरुद्ध संरक्षण घेण्याचीही तसदी घेतली नाही. स्थिर दर हे जणू सरकारने दिलेले फुकटचे विमापत्र ठरले.

आलेला पैसा मोठ्या प्रमाणावर जमीनजुमला, कार्यालयीन इमारती आणि शेअर बाजार यांत गेला. या इमारतींचे भाडे बाथमध्ये येणार होते, कर्ज मात्र डॉलरमध्ये फेडायचे होते. शिवाय कर्जाची मुदत बहुधा एका वर्षाच्या आत संपणारी आणि इमारतीतून उत्पन्न मिळण्यास अनेक वर्षे लागणारी होती. अर्थतज्ज्ञ याला दुहेरी विसंगती म्हणतात : एक चलनाची आणि दुसरी मुदतीची. दोन्ही एकत्र आल्या की कर्ज फिरवत राहण्यावाचून गत्यंतर नसते आणि सावकाराने नकार दिला की डोलारा कोसळतो.

१९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी थायलंडच्या चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के होती. १९९६ मध्ये निर्यातीची वाढ खुंटली. बँकॉकमधील नव्या इमारतींना गिऱ्हाईक मिळेना आणि त्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था अडचणीत येऊ लागल्या. बाथचा दर टिकणार नाही, असा संशय परदेशी गुंतवणूकदारांच्या मनात याच सुमारास बळावला.

एकच गणित, दोन बाजू

चलनावरील सट्टा कसा खेळला जातो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखादा सटोडिया थायलंडमधील बँकेकडून अडीच कोटी बाथ उसने घेतो आणि २५ च्या दराने ते विकून १० लाख डॉलर मिळवतो. काही महिन्यांनी दर ५० झाला, तर अडीच कोटी बाथ परत करण्यासाठी त्याला फक्त ५ लाख डॉलर लागतात. व्याज वजा जाता उरलेले ५ लाख डॉलर हा त्याचा नफा. दर बदललाच नाही, तर त्याचे नुकसान केवळ व्याजापुरते मर्यादित राहते. नफा अफाट आणि तोटा अल्प असलेला असा डाव स्थिर दरामुळेच शक्य होतो.

आता हेच गणित कर्जदाराच्या बाजूने पाहावे. एखाद्या कारखानदाराने १० लाख डॉलरचे कर्ज घेतले आहे. दर २५ असताना त्याच्या डोक्यावर अडीच कोटी बाथचा बोजा होता. दर ५० झाल्यावर एक रुपयाचेही नवे कर्ज न घेता तो बोजा ५ कोटी बाथ होतो. त्याचा माल, कामगार, ग्राहक सर्व पूर्वीप्रमाणेच असतात, पण कारखाना दिवाळखोर झालेला असतो. अशा वेळी प्रत्येक कर्जदार आपल्या कर्जाची तजवीज करण्यासाठी डॉलर विकत घेण्यास धावतो. सट्टेबाजांची संख्या मोजकी असते. या घाबरलेल्या कर्जदारांची संख्या त्यांच्याहून कितीतरी मोठी असते आणि चलनावर अंतिम घाव त्यांच्याच मागणीने बसतो.

मध्यवर्ती बँकेपुढे यावर दोन उपाय असतात. व्याजदर वाढवून सट्टा महाग करणे किंवा स्वतःजवळचे डॉलर विकून दर सावरणे. व्याजदर वाढवले तर आधीच डबघाईला आलेल्या वित्तसंस्था आणि बांधकाम कंपन्या बुडतात. डॉलर विकले तर साठा आटतो. सप्टेंबर १९९२ मध्ये ब्रिटनसमोर हाच पेच होता. १६ सप्टेंबर रोजी ब्रिटिश सरकारने व्याजदर १० वरून १२ टक्के केला, लगोलग १५ टक्के करण्याची घोषणा केली आणि तरीही त्याच संध्याकाळी युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून पौंड बाहेर काढण्याची नामुष्की ओढवली. मात्र ब्रिटनचे बहुतांश कर्ज पौंडातच होते. त्यामुळे पौंड घसरूनही तेथील कंपन्या बुडाल्या नाहीत; उलट पुढील काही वर्षांत अर्थव्यवस्था सावरली. थायलंडची स्थिती तशी नव्हती.

जाहीर आकडा आणि खरा आकडा

१९९७ च्या सुरुवातीस थायलंडकडे ३५ अब्ज डॉलरहून अधिक परकीय चलनसाठा असल्याचे जाहीर झाले होते. मे महिन्यात बाथवर मोठा हल्ला झाला. मध्यवर्ती बँकेने मोठ्या प्रमाणावर डॉलर विकले आणि हल्ला परतवल्याचे चित्र निर्माण झाले. जूनअखेर जाहीर साठा अद्याप ३० अब्ज डॉलरहून अधिक होता. वरकरणी देश सुरक्षित होता.

प्रत्यक्षात या आकड्यामागे वायदा व्यवहारांची मोठी साखळी होती. बँक आज डॉलर विकून बाथ खरेदी करी. नंतर दुसऱ्या व्यवहाराद्वारे तितकेच डॉलर तात्पुरते परत मिळवी. मात्र काही महिन्यांनी ठरलेल्या दराने ते पुन्हा देण्याचे वचन त्यासोबत दिलेले असे. परिणामी साठ्याचा आकडा जागेवर दिसे आणि देणे पुढच्या तारखेवर ढकलले जाई. ही देणी वजा केल्यावर जूनअखेर थायलंडच्या हाती खऱ्या अर्थाने उरलेली रक्कम ३ अब्ज डॉलरहूनही कमी होती.

३० जून रोजी पंतप्रधान चवलित योंगचैयुध यांनी बाथचे अवमूल्यन होणार नाही, असे देशाला सांगितले. दोन दिवसांनी दर सोडून द्यावा लागला. ऑगस्टमध्ये नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे १७ अब्ज डॉलरचे साहाय्य ठरले आणि त्या वेळी वायदा देण्यांचा २३.४ अब्ज डॉलर हा आकडा प्रथमच अधिकृतपणे उघड झाला. तो ऐकून बाथ आणखी घसरला. डिसेंबरमध्ये ५६ वित्तसंस्था कायमच्या बंद करण्यात आल्या. बँकॉकमध्ये अर्धवट बांधलेले सांगाडे त्यानंतर अनेक वर्षे तसेच उभे होते.

मराठीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणतात. मध्यवर्ती बँका दीर्घकाळ याच न्यायाने वागत आल्या होत्या. साठ्याचा तपशील गुप्त ठेवल्यास सट्टेबाज बिचकतील, अशी त्यांची धारणा होती. थायलंडच्या अनुभवाने या धारणेची दुसरी बाजू दाखवली. मूठ झाकलेली असल्याने देशातील कर्जदार, मंत्री आणि सामान्य ठेवीदार गाफील राहिले. ज्यांच्याशी वायद्याचे व्यवहार झाले होते त्या परदेशी बँकांना मात्र मुठीत काय शिल्लक आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज होता.

आग शेजारी कशी पसरली

थायलंडमधील संकट पाहून परदेशी बँकांनी त्याच प्रकारच्या इतर देशांची कर्जे तपासण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरियाने नाणेनिधीकडे मदत मागितली. जगातील प्रमुख औद्योगिक राष्ट्रांपैकी एक असलेल्या या देशाचा जाहीर साठा नोव्हेंबरअखेर २४ अब्ज डॉलरच्या आसपास होता. परंतु त्यातील मोठा भाग कोरियन व्यापारी बँकांच्या परदेशातील शाखांमध्ये ठेवलेला होता आणि त्या बँकांनी तो आपली कर्जे फेडण्यासाठी वापरला होता. तातडीने वापरता येईल अशी रक्कम जाहीर आकड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. येथेही मुठीत दिसत होते त्याहून कमी निघाले.

कोरियासाठी ५५ अब्ज डॉलरहून अधिक साहाय्य उभे करण्यात आले. १९९८ च्या प्रारंभी लाखो कोरियन नागरिकांनी लग्नातील अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाचे दागिने आणि पदके देशाला देऊन सुमारे २२७ टन सोने जमा केले. ते वितळवून निर्यात करण्यात आले. ऑगस्ट २००१ मध्ये कोरियाने नाणेनिधीचे कर्ज मुदतीपूर्वी फेडले.

इंडोनेशियाचा अनुभव सर्वांत विदारक ठरला. संकटापूर्वी एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मिळत. १९९८ च्या मध्यास हा दर १६,००० च्या आसपास गेला. अन्नधान्य आणि इंधन महागले, दंगली उसळल्या, आणि तीन दशकांहून अधिक काळ सत्तेवर असलेले अध्यक्ष सुहार्तो यांनी २१ मे १९९८ रोजी राजीनामा दिला. अनेक अर्थतज्ज्ञांच्या मते नाणेनिधीने घातलेल्या कठोर अटी, विशेषतः बँका तडकाफडकी बंद करणे, यामुळे घबराट वाढली. मलेशियाने नाणेनिधीकडे न जाता सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवलावर नियंत्रणे आणली आणि ३.८० रिंगिट असा दर निश्चित केला. त्या वेळी या निर्णयावर सडकून टीका झाली; पुढे मात्र संकटकाळात तात्पुरती नियंत्रणे उपयुक्त ठरू शकतात, हे नाणेनिधीनेही मान्य केले.

भारताने घेतलेला धडा

भारत या वादळातून तुलनेने सुखरूप राहिला. ऑगस्ट १९९७ मध्ये डॉलरचा दर सुमारे ३६ रुपये होता, तो जानेवारी १९९८ मध्ये ४० च्या आसपास गेला आणि रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवून तो सावरला. याचे एक कारण भारताने सहा वर्षांपूर्वीच घेतलेल्या अनुभवात होते.

१९९० च्या आखाती युद्धसंकटामुळे तेल महागले, कुवेत व इराकमधील भारतीयांना परतावे लागले आणि तेथून येणारा पैसा आटला. देशात राजकीय अस्थिरता होती. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली आणि परदेशी बँका अल्पमुदतीच्या कर्जाचे नूतनीकरण नाकारू लागल्या. जून १९९१ पर्यंत परकीय चलनसाठा १ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. मार्च १९९१ मध्ये भारताचे अल्पमुदतीचे विदेशी कर्ज साठ्याच्या सुमारे १४६ टक्के होते. वर्षभरात परत मागितले जाऊ शकणारे कर्ज हाती असलेल्या चलनापेक्षा जवळजवळ दीडपट होते, असा याचा अर्थ.

मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परत खरेदी करण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडमध्ये विकण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवले आणि त्याच्या तारणावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. १ आणि ३ जुलै रोजी रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी त्याच महिन्यात आर्थिक सुधारणांना आरंभ केला. सोने गहाण टाकणे ही देशाला जिव्हारी लागलेली बाब होती. मात्र भारताने कोणत्याही कर्जाचा हप्ता चुकवला नाही.

त्यानंतर भारताने अल्पमुदतीच्या विदेशी कर्जावर कडक नियंत्रण ठेवले. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. भांडवली खाते मात्र टप्प्याटप्प्यानेच खुले करण्यात आले. योगायोग असा की, भांडवली खाते तीन वर्षांत खुले करावे, अशी शिफारस करणारा एस. एस. तारापोर समितीचा अहवाल १९९७ च्या मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे बाथ कोसळण्यापूर्वी जेमतेम महिनाभर सादर झाला होता. समितीने त्यासाठी वित्तीय तूट, महागाई आणि बँकांची थकित कर्जे यांविषयी पूर्वअटीही घातल्या होत्या. आशियातील घटनांनंतर ते वेळापत्रक मागे पडले.

जुना दोष, नवी रूपे

१९९७ नंतर जगाने धडा घेतला, तरी दोष नाहीसा झाला नाही. लेबनॉनमध्ये १९९७ पासून एका डॉलरला सुमारे १,५०७ पौंड हा दर दोन दशकांहून अधिक काळ टिकवण्यात आला. ठेवीदारांनी बँकांत ठेवलेले डॉलर बँकांनी जास्त व्याजाच्या आमिषाने मध्यवर्ती बँकेला दिले आणि ते दर टिकवण्यात व सरकारचा खर्च भागवण्यात संपले. २०१९ च्या उत्तरार्धात बँकांनी ठेवी काढण्यावर निर्बंध घातले. मार्च २०२० मध्ये देशाने विदेशी कर्जफेड थांबवली. पुढे पौंडाचे ९८ टक्क्यांहून अधिक मूल्य नष्ट झाले. कागदावर डॉलर खातेदारांच्या नावावर होते. प्रत्यक्षात त्यांच्या हाती काही लागत नव्हते.

श्रीलंकेत करोना साथीमुळे पर्यटन आणि परदेशातून येणारा पैसा दोन्ही आटले. तत्पूर्वी करकपातीने सरकारी महसूल घटला होता. तरीही मार्च २०२२ पर्यंत डॉलरचा दर २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास धरून ठेवण्यात आला. या काळात जाहीर साठ्यात चीनबरोबरच्या चलन अदलाबदल करारातील सुमारे १.५ अब्ज डॉलर मूल्याचे युआन समाविष्ट होते. मात्र तीन महिन्यांच्या आयातीइतका साठा असेल तरच ते वापरता येतील, अशी त्यास अट होती. ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी हाती न येणारी ती रक्कम होती. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने विदेशी कर्जफेड स्थगित केली. मे महिन्यात वापरण्याजोगा साठा ५ कोटी डॉलरहून कमी असल्याचे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले. डॉलरचा दर ३६० च्या आसपास गेला, सप्टेंबरमध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या जवळ पोहोचला. त्या वर्षी भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य विविध स्वरूपांत दिले; नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले.

रशियाच्या बाबतीत आणखी वेगळा प्रश्न उपस्थित झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्याकडे ६०० अब्ज डॉलरहून अधिक साठा होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी त्यातील सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. साठा मालकीचा असूनही वापरता आला नाही. मार्चमध्ये रूबल वेगाने घसरला. परंतु व्याजदर २० टक्के करून, भांडवलावर कडक निर्बंध घालून आणि तेल-वायूच्या निर्यातीच्या जोरावर तो काही आठवड्यांत सावरला. त्यानंतर जगातील मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढवली. रिझर्व्ह बँकेनेही २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने भारतात आणले.

डॉलरचे काय?

अमेरिकेवरील वाढत्या कर्जामुळे डॉलरच कोसळेल काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ३५ डॉलरला एक औंस या दराने इतर देशांना सोने देण्याचे वचन मागे घेतले आणि तेव्हापासून डॉलरमागे सोन्याचे तारण नाही. तरीही जगातील मध्यवर्ती बँकांच्या साठ्यात डॉलरचा वाटा सर्वाधिक आहे. शतकाच्या सुरुवातीस तो सुमारे ७० टक्के होता, २०२४ मध्ये ६० टक्क्यांच्या खाली आला होता.

अमेरिकेचे कर्ज तिच्या स्वतःच्या चलनात असल्याने थायलंड किंवा श्रीलंकेसारखे संकट तेथे त्याच स्वरूपात येऊ शकत नाही. तेथे धोका असेल तर महागाईचा आणि हळूहळू घटणाऱ्या विश्वासाचा. याउलट, अमेरिकेत व्याजदर वाढले की त्याचा चटका डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या इतर देशांना अधिक बसतो. २०१३ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले, तेव्हा रुपयासह अनेक देशांची चलने घसरली होती. चलन त्यांचे आणि निर्णय आमचा नाही, ही अडचण विकसनशील देशांना कायमची सोबत करणारी आहे.

आकडा कसा वाचावा

आशियाई संकटानंतर दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. १९९९ मध्ये नाणेनिधीने साठ्याबरोबरच त्यावरील वायदा व इतर अल्पमुदतीची देणी ठराविक नमुन्यात प्रसिद्ध करण्याची पद्धत घालून दिली. त्याच वर्षी अर्जेंटिनाचे पाब्लो गिदोत्ती आणि अमेरिकेचे ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने ओळखला जाणारा निकष पुढे आला : एका वर्षात फेडावयाचे सर्व विदेशी कर्ज भागेल, किमान इतका साठा देशाकडे असावा. तीन महिन्यांच्या आयातीचा जुना निकष व्यापारापुरता होता. हा निकष कर्जाच्या पळापळीचा विचार करतो.

भारताची रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी साठ्याचा आकडा जाहीर करते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो ७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. मार्च २०२५ मध्ये अल्पमुदतीचे विदेशी कर्ज साठ्याच्या सुमारे २० टक्के होते. वर्षभरात मुदत संपणारी दीर्घमुदतीची कर्जे त्यात मिळवली तरी प्रमाण निम्म्याहून कमी राहत होते. १९९१ च्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे. दुसरीकडे, रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने केलेल्या वायदा व्यवहारांत पुढे द्यावयाच्या डॉलरची निव्वळ रक्कम फेब्रुवारी २०२५ अखेर सुमारे ८८ अब्जांपर्यंत पोहोचली होती. साठ्याच्या मानाने ती भयावह नव्हती आणि, मुख्य म्हणजे, ती प्रसिद्ध झालेली होती. थायलंडमध्ये असाच आकडा दडवला गेला होता. म्हणून शुक्रवारचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी ही देणीही वाचणे आवश्यक ठरते.

कोणताही साठा अमर्याद नसतो. एप्रिल २०२५ मध्ये जगातील चलनबाजारांत दररोज सरासरी ९.६ लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती. नाणेनिधीची एकूण कर्ज देण्याची क्षमता सुमारे १ लाख कोटी डॉलर आहे. या प्रवाहाला केवळ तिजोरीच्या बळावर अडवणे कोणत्याही देशास शक्य नाही. दर थोडा थोडा हलू देणे, कंपन्यांना परकीय कर्जाच्या जोखमीचे संरक्षण घेण्यास भाग पाडणे, अल्पमुदतीच्या कर्जाला आवर घालणे आणि देण्यांचा हिशेब वेळेवर उघड करणे, हे उपाय संकट येण्यापूर्वीच योजावे लागतात. बँकॉक, सोल आणि कोलंबो येथे ते योजण्यासाठी पुरेसा काळ उपलब्ध होता. तो काळ सुबत्तेचा असल्याने त्याची निकड कोणालाच भासली नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी कधी एक डॉलरही हाती घेतला नव्हता, त्या कुटुंबांना मोजावी लागली.